टपालवाल्याचे घर

व्यक्तिचित्र म्हटले की राजेरजवाडे, सरदार, शेठसावकार डोळ्यांसमोर येतात. चित्रकाराला बिदागी देण्याची ऐपत त्यांचीच! पण जगातल्या अतिशय गाजलेल्या व्यक्तिचित्रांपैकी काही एका साध्या टपाल कर्मचाऱ्याची आणि त्याच्या बायकामुलांची आहेत.

व्हिन्सेंट व्हॅन गॉग १८८८ च्या फेब्रुवारीत दक्षिण फ्रान्समधल्या आर्ल या गावी राहायला आला. माणसांची चित्रे काढण्याची त्याला विलक्षण ओढ. पण समोर बसणाऱ्याला द्यायला खिशात पैसा नसे. अशा वेळी जोसेफ रूलँ भेटला. आर्लच्या रेल्वे स्टेशनावर टपालाची ने-आण पाहणारा हा गृहस्थ. भरघोस दाढी, निळा गणवेश आणि डोक्यावर टपालखात्याची टोपी. चित्रासाठी बसण्याचे पैसे त्याने घेतले नाहीत. खाणेपिणे मात्र चित्रकाराकडे! पुढे त्याची पत्नी ऑगस्टीन, दोन मुलगे आणि तान्ही मुलगीही चित्रांत आली. या कुटुंबाची वीसहून अधिक चित्रे व्हॅन गॉगने काढली.

जुन्या चित्रांत संतांच्या मस्तकामागे तेजोवलय असे. त्या वलयातले चिरंतन काही तरी साध्यासुध्या स्त्रीपुरुषांच्या चित्रांत, केवळ रंगांच्या बळावर, आणावे असा व्हॅन गॉगचा ध्यास होता. ऑगस्टीनच्या एका चित्रात तिच्या हाती नुसती दोरी दिसते. पाळणा चौकटीबाहेर आहे. हे चित्र त्याने पाच वेळा रंगवले. भर समुद्रात एकाकी पडलेल्या कोळ्यांनी ते पाहावे आणि त्यांना आपला पाळणा, आपली अंगाई आठवावी, अशी त्याची कल्पना होती.

२३ डिसेंबर १८८८ च्या रात्री मनाचा तोल जाऊन व्हॅन गॉगने स्वतःचा कान कापून घेतला. त्या दिवसांत रूलँ इस्पितळात जाऊन त्याची विचारपूस करी आणि पॅरिसला त्याच्या भावाला, थिओला, खुशाली कळवी. स्वतः तीन मुलांचा बाप, पगार बेताचा. तरी त्याने मित्राकडे पाठ फिरवली नाही. लवकरच त्याची मार्सेला बदली झाली.

या कुटुंबाच्या चित्रांचे खास प्रदर्शन २०२५ मध्ये अमेरिकेत बोस्टनला भरले होते. रूलँचे पहिले चित्र रंगवले गेले ते १८८८ च्या उन्हाळ्यात, संकट येण्याच्या काही महिने आधी. त्या चेहऱ्यावरचा भलेपणा चित्रकाराने तेव्हाच ओळखला होता.