गाडीचं सोवळं

ह्या अंकात मी स्पोर्ट्स कारवर लिहितोय म्हणून काहींच्या कपाळाला आठ्या पडतील. कोटभर रुपयांची, दोन माणसांची, जमिनीला पोट घासत जाणारी गाडी. म्हणतील, गोदीतल्या माणसाला ही चैन कुठून सुचली? मी म्हणतो, जे आमच्या डोळ्यांसमोरून आणि हातांखालून जातं त्याच्यावर आम्ही तोंड उघडायचं नाही, हा कायदा कोणी केला?

मुद्दा सरळ आहे. जूनचा पहिला शिडकावा झाला की मुंबईतल्या ह्या गाड्यांपैकी बऱ्याच गायब होतात. बिल्डिंगच्या तळघरात, मऊ कापडाच्या खोळीखाली, बॅटरीला चार्जर लावून. दिवाळीच्या आसपास पुन्हा दर्शन. चार महिने चातुर्मास. मालकाला विचारा, तर म्हणतो, पावसात काढत नाही, चिखल लागतो. चिखल लागतो! म्हणजे गाडी सोवळ्यात आहे. पाणी आणि शिवाशिव यांचा हिशेब आपल्याला कोणी शिकवायला नको. महाडचं तळं १९२७ सालचं आहे. तेव्हा आपण शिवलो की पाणी बाटायचं, आता पाणी शिवलं की गाडी बाटते. चाकं लावलेलं देवघर, दुसरं काय!

माझं म्हणणं, काढा बाहेर. जी पावसाला भिते ती गाडी नव्हे, मूर्ती आहे. आणि ज्या कारागिरांनी ती बनवली त्यांनी काही मूर्ती म्हणून बनवलेली नाही. पोर्शे ९११ घ्या. २०१८ च्या अखेरीस तिची नवी पिढी आली, तिच्या पुढच्या चाकांच्या कमानीत आवाज ऐकणारे सेन्सर बसवलेत. टायरनं उडवलेलं पाणी कमानीवर आपटतं, त्याच्या आवाजावरून गाडीला कळतं की रस्ता ओला आहे. मग ती ड्रायव्हरला सांगते, बाबा, वेट मोड लाव. त्यानं लावला की गाडी नरमते, चाकाला एकदम ताकद देत नाही. कुणीतरी डोकं फोडून गाडीला पाण्यासाठी कान दिलाय, आणि मालक तिला खोळ घालून बहिरी ठेवतो. हा त्या इंजिनीअरचाही अपमान आहे आणि पावसाचाही.

पण काढली तर हाकता आली पाहिजे, आणि इथं पैसा कामाला येत नाही. ह्या गाडीचे टायर रुंद. कोरड्या रस्त्यावर रुंद टायर म्हणजे पकड. पाण्यावर तेच उलटतं. टायरच्या खाचांनी खालचं पाणी बाजूला फेकायचं असतं. टायर जितका रुंद तितकं जास्त पाणी फेकावं लागतं, त्यात खाचा उथळ असल्या किंवा झिजल्या असल्या तर पाणी फेकून होत नाही, आणि वेग वाढला की टायर पाण्यावर चढतो. मग तुमच्या हातात स्टिअरिंग असतं पण गाडी नसते. अशा वेळी ब्रेकवर उभा राहतो तो मेला. पाय हळू सोडायचा, चाक सरळ ठेवायचं, टायर खाली टेकेपर्यंत दम धरायचा. बऱ्याच स्पोर्ट्स गाड्यांत जोर मागच्या चाकांना, म्हणून वळणावर पाय जरा जड पडला की शेपूट फिरतं. पहिल्या पावसात तर रस्त्यावर वर्षभराचं तेल, रबर, धूळ वर येते, साबण फासल्यासारखं. झेब्राचे पांढरे पट्टे, पुलाचे लोखंडी सांधे, मॅनहोलची झाकणं, सगळी निसरडी. हे सायकलवाल्याला ठाऊक आहे, पावाच्या लाद्या घेऊन पहाटे फिरणाऱ्याला ठाऊक आहे. चारशे घोड्यांच्या मालकाला ठाऊक असेलच असं नाही.

पाऊस काय करतो? पैशानं विकत घेतलेला वेग काढून घेतो. उरतो तो फक्त हात. ह्याचा सगळ्यात भारी पुरावा मोनॅकोचा. ३ जून १९८४. मोनॅको म्हणजे जिथं प्राप्तिकर नाही असं धनदांडग्यांचं गाव, आणि तिथल्या गल्ल्यांतून फॉर्म्युला वनची रेस. त्या दिवशी धो धो पाऊस. पुढं अलॅं प्रोस्ट, मॅक्लॅरेनसारखी तगडी टीम. मध्येच नायजेल मॅन्सेल सगळ्यांच्या पुढं गेला आणि चढावर रस्त्याच्या पांढऱ्या पट्ट्यावर घसरून बाद झाला. (वर पट्ट्यांचं लिहिलं ते उगाच नाही.) आयर्टन सेना तेव्हा चोवीस वर्षांचा, पहिलाच सीझन, टोलमन नावाच्या फाटक्या टीमची गाडी. तेराव्या जागेवरून सुटला आणि एकेकाला मागं टाकत दुसरा आला. त्याच्याही मागून स्टेफान बेलोफ, टिरेलची गाडी, सगळ्यांत एकट्या त्याच्याच इंजिनाला टर्बो नव्हता, सगळ्यात शेवटून सुटलेला, तो तिसरा. दोघंही प्रोस्टला गाठत चाललेले. कोरड्या दिवशी ह्या गाड्यांना तिथं कुणी विचारलं नसतं. पावसानं गल्ली सपाट केली होती.

आणि मग काय झालं? प्रोस्ट हात हलवून खुणा करायला लागला, रेस थांबवा. अन् थांबवली. अर्ध्यावरसुद्धा आली नव्हती. एकतिसाव्या फेरीचा निकाल धरला, प्रोस्ट पहिला. खालून आलेला वर पोचायला दोन हात अंतर उरलं की नियमावली उघडते, हे आपण शाळेत पाहिलं, नोकरीत पाहिलं. तिथं तर झेंडाही लालच दाखवला!

खोटं नको बोलायला. पाऊस खरंच जीवघेणा होता, आणि सेना काही झोपडपट्टीतून आलेला नव्हता, साव पावलोच्या सधन घरातला पोरगा. पण मला गंमत पुढची वाटते. रेस अर्धवट म्हणून पॉइंट अर्धे. प्रोस्टला नऊऐवजी साडेचार मिळाले, आणि वर्षाअखेरीस निकी लाउडानं त्याला अर्ध्या पॉइंटानं हरवून चॅम्पियनशिप नेली. पूर्ण रेस धावून तो नुसता दुसरा आला असता तरी सहा मिळाले असते. थांबवून काय मिळवलं? सेना मेला तो दहा वर्षांनी, १ मे १९९४ ला, इमोलात. लख्ख उन्हात, कोरड्या रस्त्यावर.

आता आमच्या धक्क्यावर या. मुंबईच्या गोदीतून नव्या गाड्या बोटीत चढतात, परदेशी जातात. यार्डातून बोटीच्या पोटात त्या हाकत नेणारी पोरं आहेत. पावसाळ्यात बघा. सीटवर प्लास्टिक, पायाखाली प्लास्टिक. पोरगं ओलंचिंब, गाडी आतून कोरडी ठणठणीत. रॅम्पवर पाण्याचा पातळ थर, लोखंड निसरडं, मागं-पुढं वीतभर अंतर ठेवून लावायची. एक ओरखडा आला तर जाब. दिवसभरात त्याच्या हातून जेवढ्या गाड्या जातात तेवढ्या मलबार हिलवाल्याच्या सात पिढ्या चालवणार नाहीत. पण ड्रायव्हर म्हणून त्याचं नाव कुठं आहे?

एकदा बाहेरून आलेली एक पिवळी, बुटकी गाडी कंटेनरातून काढली. आभाळ फुटलं. एजंटाचा माणूस बोंबलत आला, ताडपत्री, ताडपत्री! ताडपत्री आली, पण गाडीला टेकवायची नाही, रंगाला चरा जाईल. मग आम्ही चौघांनी चार कोपरे डोक्यावर धरले. पाऊण तास. ट्रेलर येईपर्यंत. मधे गाडी कोरडी, भोवती चार माणसं भिजतायत. म्हातारा मुकादम म्हणाला, "धरा रे, देवाची पालखी हाय." आम्ही हसलो. हसताना ताडपत्रीतलं साठलेलं पाणी एका बाजूनं नेमकं गाडीच्या नाकावर सांडलं. काही झालं नाही गाडीला. पुसलं, चकाकलं.

सरकारसुद्धा अशीच ताडपत्री धरतं. सचिनला भेट मिळालेल्या फेरारीची कस्टम ड्यूटी २००३ साली माफ झाली होती; ओरड झाली, प्रकरण कोर्टात गेलं, शेवटी ती फियाट कंपनीनं भरली. आणि आता तर रस्ताच धरलाय. समुद्र भरून कोस्टल रोड केला, तेरा हजार कोटींच्या वर खर्च, मार्च २०२४ पासून टप्प्याटप्प्यानं खुला. त्यावर दुचाकीला बंदी, रिक्षाला बंदी. गिरगाव ते प्रियदर्शिनी पार्क दोन किलोमीटरचा बोगदा, जिथं पाऊस पडतच नाही. मे २०२४ मध्ये, पाऊस लागायच्या आधीच, त्या बोगद्याला गळती लागली ही गोष्ट वेगळी. पाणी वाट काढतं.

आपल्या पोरांना मी एवढंच म्हणेन, ह्या गाडीची हाव धरायला लाजू नका. मोबाईलमध्ये रील बघता, ताजच्या बाहेर उभ्या गाडीला टेकून फोटो काढता, वॉचमन हाकलतो. पण फोटो चकाकीचा काढता. हाव धरायची तर स्टिअरिंगची धरा. नामदेव ढसाळांनी ह्याच मुंबईत टॅक्सी चालवली होती. भर पावसात पॅसेंजर घेऊन वाट काढायची म्हणजे काय, हे टॅक्सीवाल्याइतकं कुणाला कळतं?

आणि हिंदमाताला पाणी भरलं असताना अशी गाडी घालायची नाही, हे मालकांनाही सांगून ठेवतो. जमिनीपासून तिची उंची चार-पाच इंच. हवा ओढायचं तोंड खाली असलं की इंजिन पाणी ओढतं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. आतला दांडा वाकतो, इंजिन खलास. बंद पडली तर पुन्हा चावी फिरवायची नाही. काच खाली घ्या, लवकर घ्या. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला तेव्हा बंद काचेच्या गाड्यांत माणसं गुदमरून गेली. खाली उतरलात तर फूटपाथ कुठं, गटार कुठं, हे पाण्यावरून दिसत नाही. २९ ऑगस्ट २०१७ ला एक नामांकित डॉक्टर पाण्यात गाडी सोडून चालत निघाले, उघड्या मॅनहोलमध्ये पडले, देह वरळीला सापडला. त्या मॅनहोलांत उतरणारे हात कुणाचे असतात, ते ह्या अंकाच्या वाचकाला सांगायला नको. त्यांना विचारा, रस्ता कुठून आहे.

बाकी, हिंदमाताला पोरं असतातच उभी, बंद गाड्यांना धक्का मारायला. ह्या गाडीला कुठंही हात लावून चालत नाही, पातळ अंग असतं, चेपतं. मागून खाली, चाकाजवळ जोर लावायचा, आणि मालकाला आधी खाली उतरवायचं, वजन कमी होतं. भाव मात्र तो आत कोरडा बसलेला असतानाच ठरवून घ्या.