कर्णपूरणापूर्वी कर्णदर्शन

सुश्रुताचार्यांनी उत्तरतंत्रात 28 कर्णरोग वर्णिले आहेत. कर्णशूल, कर्णनाद, बाधिर्य, कर्णस्राव व पूतिकर्ण हे त्यांपैकी चिकित्सालयात नित्य आढळणारे. इतका सूक्ष्म भेद करणाऱ्या शास्त्राचे आपण अनुयायी. तरीही कान दुखतो म्हणताच तेलाची बाटली हाती देण्याचा प्रघात सुटत नाही. वातज शूलात वा कोरड्या मळात कोमट तेल उपकारक ठरते, हे खरे. परंतु कर्णपटलास छिद्र असता तेच तेल मध्यकर्णात उतरून स्राव वाढवू शकते. हे छिद्र नाडीवरून कळत नाही. त्यासाठी ऑटोस्कोपने कान पाहावाच लागतो. दर्शन, स्पर्शन व प्रश्न ही त्रिविध परीक्षा आपलीच आहे.

औषधी विक्रेते बंधूंनीही बिल्वतैल वा क्षारतैल देताना ‘कान वाहतो का?’ एवढे अवश्य विचारावे आणि होकार मिळाल्यास रुग्णास वैद्याकडे पाठवावे.

एका कानाचे ऐकणे दोन-तीन दिवसांत अकस्मात गेले, तर केवळ वातप्रकोप मानून तेल घालीत बसू नये. अशा रुग्णास त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे पाठवावे. पहिले दोन आठवडे उलटल्यावर उपचारांचा लाभ बराच घटतो. रुग्णास वेळेवर पाठविणे हेही वैद्याचे कर्तव्यच आहे.