खुर्चीमागे उभे असणारे खुर्चीवर कधी बसणार?

सलून आणि पार्लरच्या व्यवसायासाठी सरकारी सल्लागार मंडळ नेमायचे म्हटले की चर्चा निधीची होते, अध्यक्षाच्या नावाची होते. सदस्य कोण, हा प्रश्न मागे पडतो. खरे तर तोच पहिला प्रश्न आहे. केस कापणाऱ्याला काय यायला हवे, त्याची परीक्षा कोणी घ्यायची, दुकानाला नियम कोणते, हे ज्यांच्या सल्ल्याने ठरते त्यांच्या हातात लाखो कुटुंबांची भाकरी असते.

देशपातळीवर या प्रश्नाचे उत्तर आधीच देऊन झाले आहे. कौशल्य विकासासाठी क्षेत्रवार 'सेक्टर स्किल कौन्सिल' स्थापन झाल्या. उद्योगांनी त्यांचे नेतृत्व करावे, अशी त्यांची रचनाच आहे. ब्यूटी अँड वेलनेस क्षेत्राच्या कौन्सिलच्या पहिल्या अध्यक्ष होत्या व्हीएलसीसी कंपनीच्या संस्थापक वंदना लुथरा. त्यांच्या कर्तबगारीबद्दल वाद नाही, वाद रचनेबद्दल आहे. या क्षेत्रातल्या कामांची मानके ही कौन्सिल तयार करते. आधीपासून काम येणाऱ्यांना प्रमाणपत्र देण्याची सरकारी सोयही आहे. तिथे तीस वर्षे कात्री चालवलेला माणूससुद्धा याच मानकांवर तपासला जातो. बापाकडून, चुलत्याकडून शिकलेले त्याचे कसब मोजायची पट्टी मात्र दुसऱ्याने बनवलेली असते. ज्ञान एकाचे आणि त्यावर शिक्का मारण्याचा अधिकार दुसऱ्याचा, ही गोष्ट या देशात नवी नाही.

मग नाभिकासाठी सरकारकडे काय आहे? दुसरे दार आहे. 17 सप्टेंबर 2023 रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत 18 पारंपरिक व्यवसाय आहेत आणि त्यात नाभिक आहे. प्रशिक्षणाच्या काळात दिवसाला 500 रुपये, अवजारांसाठी 15,000 रुपये, पुढे दोन टप्प्यांत 3 लाखांपर्यंत कर्ज. ही मदत गरजेची आहे, ती घेणाऱ्याला नावे ठेवण्याचा कोणाला अधिकार नाही. पण गुरुशिष्य परंपरा आणि कुटुंबात चालत आलेला व्यवसाय बळकट करणे हा योजनेचा जाहीर उद्देश आहे. न्हाव्याच्या मुलाने न्हावीच व्हावे, हे सांगायला आता मनुस्मृती लागत नाही. तामिळनाडू सरकारने कुटुंबाच्या परंपरागत व्यवसायाच्या अटीवर आक्षेप घेतला, नोव्हेंबर 2024 मध्ये ही योजना त्याच स्वरूपात राबवायला नकार दिला आणि 25 व्यवसायांसाठी स्वतःची वेगळी योजना आखली.

म्हणजे एकाच कामाचे दोन तुकडे झाले. काचेच्या दारामागे केस कापले तर ती 'इंडस्ट्री', पत्र्याच्या टपरीत कापले तर 'पारंपरिक व्यवसाय'. इंडस्ट्रीला धोरण ठरवायचा हक्क आणि परंपरेला अवजारांची पेटी.

यावर राज्य सरकारे जातवार महामंडळांचा उतारा देतात. महाराष्ट्रात संत सेनाजी महाराजांच्या नावाने केशशिल्पी महामंडळ आहे, ओबीसी वित्त आणि विकास महामंडळाची उपकंपनी म्हणून. आंध्र प्रदेशाने 2020 मध्ये मागास जातींसाठी एकदम 56 महामंडळे काढली. अशा मंडळांवर जातीतला माणूस बसतो, हे खरे. पण ती कर्ज देतात, व्यवसायाचे नियम ठरवत नाहीत. निवडणुकीच्या तोंडावर एखाद्या कार्यकर्त्याची सोय लागते आणि 'तुमच्या समाजाला प्रतिनिधित्व दिले' असे ऐकवले जाते. प्रतिनिधित्व म्हणजे निर्णयात वाटा. तो नसेल तर ती फक्त लाल दिव्याची हौस.

या कष्टकऱ्यांना धोरणातले काय कळते, असे विचारणाऱ्यांनी 1890 ची मुंबई आठवावी. विधवांचे केशवपन करायला आम्ही वस्तरा उचलणार नाही, असा ठराव तिथल्या न्हाव्यांनी सभा घेऊन केला. सत्यशोधक चळवळीतले नारायण मेघाजी लोखंडे त्यामागे उभे होते. आपल्या हातांनी कोणते काम करायचे आणि कोणते नाकारायचे, याचा निर्णय कामगारांनी स्वतः घेतला, तोही स्वतःच्या कमाईवर पाणी सोडून. कोणत्या सल्लागार मंडळाने याहून मोठा सल्ला दिला आहे?

पण मंडळावर नाभिक पुरुष बसवले की काम संपले, असेही नाही. आज या व्यवसायात फार मोठ्या संख्येने स्त्रिया आहेत आणि त्या अनेक जातींतून येतात. ऑक्टोबर 2021 मध्ये अर्बन कंपनीच्या ब्युटिशियन गुरुग्रामच्या कार्यालयासमोर जमल्या. कमिशन किती कापता, रेटिंगवरून काम का बंद करता, हे त्यांचे प्रश्न होते. डिसेंबरमध्ये पुन्हा आंदोलन झाले तेव्हा कंपनी त्यांच्याविरुद्ध न्यायालयात गेली. कंपनीला कौन्सिलचा रस्ता माहीत असतो. या बायकांना फुटपाथ मिळतो.

आणखी एक जागा आहे, जिच्याबद्दल आपल्यातलेही काही जण गप्प बसतात. ती आहे दलित गिऱ्हाइकाची. आजही कित्येक गावांतल्या सलूनमध्ये दलितांची दाढी-कटिंग केली जात नाही आणि त्यांना तालुक्याला जावे लागते. 'केली तर बाकीचे गिऱ्हाईक तुटेल' हे कारण दिले जाते. धमकी वरच्या जातींची असते, नकार मात्र नाभिकाच्या तोंडून येतो. श्रेणीबद्ध विषमता म्हणतात ती हीच. संविधान सभेत 29 नोव्हेंबर 1948 रोजी 'दुकान' या शब्दावर चर्चा झाली, तेव्हा बाबासाहेबांनी त्याचा व्यापक अर्थ स्पष्ट केला होता: येईल त्याला मालक आपली सेवा द्यायला तयार असतो, ते दुकान. 1955 च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याने अस्पृश्यतेच्या कारणावरून सेवा नाकारणे गुन्हा ठरवले. तरीही या व्यवसायाच्या मानकांवर चर्चा होते तेव्हा कात्री निर्जंतुक कशी करावी हे येते, ती कोणाच्या डोक्याला लागत नाही हे येत नाही.

मार्ग नवा शोधायची गरज नाही. 1969 च्या माथाडी कायद्याने मंडळावर मालक आणि कामगार यांना समसमान जागा दिल्या. तामिळनाडूच्या 1982 च्या अंगमेहनती कामगार कायद्याखाली केशकर्तन कामगारांचेही कल्याण मंडळ आहे आणि त्या कायद्यातही सरकार, मालक व कामगार अशा तिन्ही बाजू धरलेल्या आहेत. मग हेच तत्त्व कल्याणापुरते न ठेवता मानके, परीक्षा आणि परवान्यांपर्यंत का नेऊ नये?

मागणी साधी आहे. सल्लागार मंडळावर निम्म्या जागा रोज हाताने काम करणाऱ्यांच्या असाव्यात. त्यांची नावे मंत्र्याने नव्हे, त्यांच्या संघटनांनी सुचवावीत. त्यातल्या निम्म्या स्त्रिया असाव्यात. गिऱ्हाइकांच्या वतीने दलित प्रतिनिधी असावा. प्रत्येक सदस्याचा व्यवसाय आणि सामाजिक प्रवर्ग जाहीर व्हावा. आणि कामगाराची जागा कामामुळे मिळावी, जन्मामुळे नको. नाहीतर जात मोडायच्या नावाखाली आपण तिलाच सरकारी शिक्का देऊ.

बलुतेदारीत न्हावी सगळ्या गावाची डोकी करायचा, पण गावाच्या निर्णयात त्याचे डोके कोणी विचारात घेत नसे. बलुते गेले. ही सवय अजून जायची आहे.