पिशवी मामूंच्या पोटावर, नापाकी आपल्या नजरेत

माझ्या मामूंनी जुम्म्याला जाणं सोडलं, त्याला आता आठ महिने होतील. गुदाशयाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी मोठ्या आतड्याचं तोंड पोटावर काढलं आणि त्यावर पिशवी बसवली. याला कोलोस्टॉमी म्हणतात. मामू वाचले. मग एका शुक्रवारी सफमध्ये शेजारच्यानं हळूच सांगितलं, ‘‘चाचा, आप घर पे पढ लिया करो.’’

तो शेवटचा जुम्मा. आता ते लग्नाकार्यालाही जात नाहीत. पिशवी भरू नये म्हणून अर्धपोटी राहतात. कॅन्सरला जे जमलं नाही, ते आपल्या एका वाक्यानं केलं.

आणि या किळसेला आपण पाकीचं नाव देतो!

पाकीचा प्रश्न फिक्हनं केव्हाच सोडवला आहे. शरीरातून सतत काही बाहेर येतं आणि ते रोखणं ज्याच्या हातात नाही, तो माजूर. कोलोस्टॉमीवर ताबा ठेवणारा स्नायूच नसतो. हनफी मतानुसार अशा माणसानं प्रत्येक नमाजच्या वक्ताला वुजू करावा. त्या वक्तात पिशवीत काही उतरलं, तरी त्यानं वुजू तुटत नाही. आपल्या कोकणातले शाफई प्रत्येक फर्ज नमाजसाठी नवा वुजू सांगतात. बुखारीत फातिमा बिन्त अबी हुबैश यांची हदीस आहे. रक्त थांबत नाही, नमाज सोडू का, असं त्यांनी विचारलं. पाळीचे दिवस वगळून नमाज पढत राहा, असंच पैगंबरांनी (स.) सांगितलं.

काही जण कांदा-लसणाची हदीस पुढे करतात. जरूर करा. ती वासाबद्दल आहे. नीट बसलेल्या पिशवीचा वास येत नाही. येतो तो रिकामी करताना, जसा तुमच्या-माझ्या संडासात येतो. कधी गळालीच, तर सर्वांत आधी मामूच उठून बाहेर जातील.

मामूंच्या पिशवीत जे आहे, ते पोटात घेऊनच आपण सगळे सजद्यात जातो.

ट्रस्टींनी वुजूखान्याजवळच्या एका संडासाला धड कडी, नळ आणि झाकणाचा डबा द्यावा. इमामसाहेबांनी एका बयानात माजूरचा मसला सांगावा. आणि त्या शेजाऱ्यानं घरी येऊन मामूंना सोबत न्यावं. सफमध्ये मोकळी जागा सोडू नका, हे आपण दर जमातीला ऐकतो. मामूंची जागा आठ महिने मोकळी आहे.