झोपेतला श्वास, जागेपणीची पेंग

दुपारी खातेवही समोर असतानाच मान झुकते. रात्री मोठ्याने घोरणे, मध्येच श्वास थांबणे आणि सकाळी जड डोके, हे नित्याचेच. 'शरीर स्थूल आहे, झोप येणारच' असे म्हणून घरची मंडळी हसतात. मात्र ही लक्षणे एकत्र दिसली, तर तो आळस नसून आजार असू शकतो.

१९५६ साली अमेरिकन डॉक्टरांनी अशाच एका रुग्णाची हकिकत प्रसिद्ध केली. तो ५१ वर्षांचा व्यावसायिक पत्ते खेळताना, हाती तीन एक्के आणि दोन बादशहा असूनही, झोपी गेला आणि जिंकलेला डाव हातचा गेला. डिकन्सच्या 'पिकविक पेपर्स' कादंबरीतील सदा पेंगणाऱ्या लठ्ठ मुलावरून डॉक्टरांनी या विकाराला 'पिकविकियन' म्हटले. आज तो स्थूलताजन्य अल्पश्वसन म्हणून ओळखला जातो.

छाती व पोटावरील चरबीच्या भारामुळे फुप्फुसे पुरेशी फुगत नाहीत, मेंदूकडून येणारी श्वासाची प्रेरणाही मंदावते आणि कार्बन डायऑक्साइड रक्तात साचू लागतो. बीएमआय ३० किंवा अधिक असून जागेपणी धमनीच्या रक्तातील या वायूचा दाब पाऱ्याच्या ४५ मिलिमीटरहून जास्त भरला, तर इतर कारणे वगळून निदान केले जाते. उपचार न झाल्यास हृदयावर ताण येतो. नुसता ऑक्सिजन लावल्यास हा वायू आणखी वाढू शकतो; म्हणून तो स्वतःच्या मनाने लावू नये.

उपचाराचा आधार म्हणजे झोपताना मास्कद्वारे हवेचा दाब देणारे यंत्र. सीपॅप एकच दाब ठेवून घसा उघडा राखतो. बायपॅप श्वास घेताना अधिक व सोडताना कमी दाब देतो. बायपॅप महाग असतो, म्हणून तोच उत्तम, असा हिशेब येथे चुकतो. यातील सुमारे ९० टक्के रुग्णांना झोपेत घसा बंद होण्याचा विकारही असतो. तो तीव्र असलेल्या रुग्णांवर स्पेनमध्ये झालेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या दीर्घ अभ्यासात दोन्ही यंत्रांचा गुण जवळपास सारखाच आढळला. अशा स्थिर प्रकृतीच्या रुग्णाला बहुधा आधी सीपॅप दिला जातो. श्वसन ढासळून रुग्णालयात दाखल झालेल्यांना मात्र सहसा बायपॅपसह घरी पाठवतात आणि तीन महिन्यांच्या आत झोपेची तपासणी करून पुढचा निर्णय घेतात.

यंत्र कोणतेही असो, कपाटात ठेवलेले भांडवल व्याज देत नाही. ते रोज रात्री, झोपेचा सारा वेळ लावावे लागते. मास्कमधून हवा गळत असेल, नाक-घसा कोरडा पडत असेल, तर उपचार सोडू नये. योग्य मापाचा मास्क आणि हवा दमट करणारे उपकरण यांनी बहुतेक अडचणी दूर होतात. यंत्रात वापराचे तास नोंदले जातात; ती नोंद प्रत्येक भेटीत डॉक्टरांना दाखवावी.

वजन लक्षणीय घटून तसेच टिकले, तर हा विकार मूळातूनच ओसरू शकतो. तोवर घरच्यांनी थट्टा सोडून रात्री मास्क लावण्याची आठवण द्यावी. घोरण्यातील खंड प्रथम त्यांच्याच कानी येतो.