फुप्फुसांचे रक्षण आणि गुंगीची औषधे : उंदरांवरील पुरावा पुरेसा नाही

रक्तपुरवठा तुटला की अवयव मरू लागतो, हे सर्वज्ञात आहे. मात्र तोच पुरवठा पूर्ववत झाल्यावरही अवयवाला इजा होऊ शकते, हे वैद्यकशास्त्रातील एक कटू सत्य आहे. फुप्फुस प्रत्यारोपणात त्याचा प्रत्यय येतो. दात्याचे फुप्फुस काही तास थंड द्रावणात, रक्ताविना राहते. रुग्णाच्या छातीत ते जोडून रक्त सुरू केले जाते आणि निर्दोष शस्त्रक्रियेनंतरही पहिल्या ७२ तासांत त्यात पाणी भरू लागण्याचा धोका असतो. प्रत्यारोपणानंतरच्या सुरुवातीच्या काळातील मृत्यूंचे हे एक प्रमुख कारण आहे.

यामागील प्रक्रिया आता बरीच उलगडली आहे. रक्ताअभावी पेशींतील ऊर्जा संपते आणि तंतुकणिकांमध्ये सक्सिनेट साचते. ऑक्सिजन परतताच त्याचे वेगाने ज्वलन होऊन विध्वंसक मुक्तकणांचा लोंढा निर्माण होतो. दाहाचे रासायनिक संदेश पसरतात, पांढऱ्या पेशी धावून येतात, केशवाहिन्यांच्या भिंती झिरपू लागतात आणि वायुकोशांत द्रव शिरतो.

या साखळीत गुंगीची औषधे हस्तक्षेप करू शकतात, असे प्राण्यांवरील अनेक प्रयोग सुचवतात. प्रोपोफॉलच्या रेणूची फिनॉलसदृश रचना मुक्तकणांना निष्प्रभ करू शकते. डेक्समेडेटोमिडीन अल्फा-२ ग्राहींवर कार्य करून नॉरॲड्रेनलिनचा स्राव घटवते. ते आधी दिलेल्या उंदरांच्या फुप्फुसांत सूज आणि दाह कमी आढळला आहे. दोन्ही औषधे अतिदक्षता विभागांत रोज वापरली जात असल्यामुळे अशा निष्कर्षांचे आकर्षण स्वाभाविक आहे.

येथेच सावधगिरी हवी. प्रयोगशाळेतील उंदीर तरुण व निरोगी असतो, रक्त केव्हा थांबणार हे संशोधकाला ठाऊक असते आणि औषध आधीच देता येते. प्रत्यारोपणातील फुप्फुस मात्र मेंदूमृत दात्याचे असते. कृत्रिम श्वासोच्छ्वास आणि मेंदूमृत्यूनंतर उसळणारा दाह यांचे घाव त्यावर आधीच झालेले असतात. शिवाय डेक्समेडेटोमिडीनने नाडी मंदावते आणि रक्तदाब घसरू शकतो. नाजूक अवस्थेतील रुग्णाला हे परवडेलच असे नाही.

इतिहासही हाच इशारा देतो. वायुरूप भूल हृदयाचे अशाच इजेपासून रक्षण करते, असे प्राण्यांवरील प्रयोगांतून आणि छोट्या चाचण्यांतून दिसले होते. परंतु २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, १३ देशांतील ५,४०० बायपास रुग्णांच्या चाचणीत अशी भूल आणि शिरेतून दिलेली भूल यांची तुलना झाली, तेव्हा वर्षभरातील मृत्यूंच्या प्रमाणात लक्षणीय फरक आढळला नाही. दाहाचे निर्देशांक खाली येणे आणि रुग्णाचा जीव वाचणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

म्हणून हा विषय सोडून द्यावा काय? मुळीच नाही. फुप्फुस प्रत्यारोपणाच्या किंवा छातीच्या मोठ्या शस्त्रक्रियेच्या रुग्णाला कोणते तरी गुंगीचे औषध द्यावेच लागते. प्रश्न केवळ कोणते, एवढाच आहे. प्रचलित दोन औषधांची तुलना करताना कोणालाही उपचारांपासून वंचित ठेवावे लागत नाही. अडचण पैशांची आहे. पेटंटची मुदत संपलेल्या, स्वस्त औषधाच्या मोठ्या चाचणीवर खर्च करण्यात कंपन्यांना फारसे स्वारस्य नसते. अशा वेळी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेसारख्या सार्वजनिक संस्थेने पुढाकार घेणे उचित ठरते. एकट्या रुग्णालयात फुप्फुस प्रत्यारोपणे मोजकीच होतात. म्हणून देशभरातील केंद्रांनी समान पद्धतीने नोंदी ठेवून एकत्र यायला हवे. चाचण्यांच्या नोंदणीची राष्ट्रीय व्यवस्था २००७ पासून उपलब्ध आहे आणि २००९ पासून नोंदणी बंधनकारकही आहे.

विज्ञानवार्ता लिहिणाऱ्यांचीही येथे जबाबदारी आहे. ‘उंदरांमध्ये’ हा शब्द मथळ्यातून गळला, की अतिदक्षता विभागाबाहेर बसलेला नातेवाईक डॉक्टरांना ‘ते फुप्फुस वाचवणारे औषध’ मागू लागतो. त्याला प्रामाणिक उत्तर देता यावे, यासाठी माणसांवरील पुरावा हवा. तो मिळवण्याची क्षमता भारतात आहे. आता निर्णय व्हायला हवा.