चांदीपुरा: अडगळीत पडलेला विषाणू आणि मेंदूचा न सुटलेला प्रश्न

१९६५ साली नागपूर परिसरात तापाची साथ आली. रुग्णांचे रक्तनमुने पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रात गेले. आजची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था ती हीच. दोन नमुन्यांत एक अनोळखी विषाणू आढळला. आकार बंदुकीच्या गोळीसारखा, कूळ रेबीजचे. चांदीपुरा या गावाचे नाव त्याला मिळाले. १९६७ मध्ये भट आणि रॉड्रिग्ज यांचा निबंध प्रसिद्ध झाला आणि विषय जवळपास तिथेच थांबला.

त्या काळी हे स्वाभाविकच होते, कारण साध्या तापाच्या विषाणूसाठी कोण झुरणार? दोष शोधायचा तर तो १९८० नंतरच्या काळात शोधावा. त्या वर्षी रायपूरमध्ये मेंदूविकाराने आजारी पडलेल्या मुलांमध्ये हाच विषाणू सापडला होता. इशारा लेखी होता, छापलेला होता. तरीही पुढची दोन दशके त्याच्याकडे फारसे कोणी वळले नाही.

मग २००३ चा पावसाळा आला. आंध्र प्रदेशात ३२९ मुले आजारी पडली आणि १८३ दगावली. विदर्भातही रुग्ण आढळले. सकाळी ताप, मग झटके, मग बेशुद्धी, आणि कित्येकदा दोन दिवसांच्या आत मृत्यू. पुण्यात विषाणू ओळखला गेला, तेव्हा त्याची जनुकीय तुलना १९६५ च्या जपून ठेवलेल्या नमुन्याशी करण्यात आली. दप्तरखान्याचे मोल इतिहासाच्या अभ्यासकांना वेगळे सांगायला नको. इथे शीतपेटी हाच दप्तरखाना ठरला.

मात्र नाव कळले म्हणजे रोग कळला, असे झाले नाही. विषाणू मेंदूच्या पेशींना थेट सूज आणतो, असे एक मत. हैदराबादच्या काही बालरोगतज्ज्ञांनी दुसरे मत मांडले: अनेक मुलांत शरीराची एकच बाजू लुळी पडते, म्हणजे आघात मेंदूच्या रक्तवाहिन्यांवर होत असावा, पक्षाघातासारखा. हा भेद केवळ शब्दांचा नाही. सूज आणि रक्तपुरवठा खंडित होणे, या दोन्हींवरचे उपचार वेगळे असतात. निवाडा करण्यासाठी मेंदूची प्रतिमा आणि ऊतीची तपासणी हवी. आणि खेड्यातले मूल मोठ्या रुग्णालयाच्या दारात पोहोचेपर्यंत बहुधा उशीर झालेला असतो.

२०२४ मध्ये गुजरातेत साथ पुन्हा उसळली. जून ते ऑगस्टच्या मध्यापर्यंत देशात तीव्र मेंदूज्वराचे २४५ रुग्ण आणि ८२ मृत्यू नोंदले गेले. त्यांतील ६४ जणांत चांदीपुरा विषाणू निश्चित झाला. लस नव्हती, विशिष्ट औषधही नव्हते. साथ आली की पथके धावतात, फवारणी होते. साथ ओसरली की निधीही ओसरतो. खरे तर संशोधनाची वेळ या मधल्या, शांत वर्षांत असते. मातीच्या भिंतींच्या भेगांत राहणारी वाळूमाशी त्या वर्षांतही तिथेच असते, आणि दोन साथींच्या दरम्यान विषाणू नेमका कुठे तग धरतो, हे अजून नीट उलगडलेले नाही.